एक वनस्पति, अनेक कायदे

महाशिवरात्रीस निलंग्याच्या नीळकंठेश्वराच्या देवळांत पहांटेपासून दर्शनाची रीघ लागते. लातूर जिल्ह्याच्या दक्षिणेस, बिदरच्या सीमेलगत वसलेल्या या गांवांतील तें जुनें दगडी देऊळ आसपासच्या खेड्यांचें श्रद्धास्थान आहे. यंदा आमचा पुतण्या कॅनडाहून रजेवर आला होता. दर्शन घेऊन सारी मंडळी घरीं ओसरीवर बसली असतां आमच्या मातोश्रींनीं सहज एक जुनी आठवण काढली. त्यांच्या लहानपणीं शिवरात्रीस देवळाच्या आवारांत बैरागी उतरत, भांग घोटीत आणि चिलीम पेटवून बसत. घरचीं वडील माणसें पोरांना तिकडे फिरकूं देत नसत. हें ऐकून पुतण्या म्हणाला, "आजी, आमच्याकडे तीच वस्तु आतां दुकानांत मिळते. सरकारच परवाना देतें, आणि वर पावतीहि मिळते." मातोश्री क्षणभर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "अरे, मग ती वस्तु बरी म्हणायची कीं वाईट? तिकडे पावती आणि इकडे बेडी, हें कसें?"

तोंच आमच्या धाकट्या बंधूंनीं दुसरा प्रश्न पुढें केला. "तें असूं द्या. आपलें रान बटाईवर आहे. वर्षांतून दोनदां आपण जाऊन येतों. तुरीच्या ओळींत कोणी चार झाडें लावलीं, तर आपल्याला कळणार कसें, आणि कळलें तर आपण करावयाचें काय?" आमच्या भागांतील वर्तमानपत्रें नियमानें वाचणारांस ही शंका पोकळ वाटणार नाहीं. तुरीच्या, कपाशीच्या किंवा उसाच्या आड लपवून लावलेलीं गांजाचीं झाडें पोलिसांनीं उपटून नेल्याच्या बातम्या त्यांत अधूनमधून येतच असतात.

एका ओसरीवर, एका घटकेंत निघालेले हे दोन प्रश्न आज पुष्कळ घरांतले आहेत. मुलगा परदेशीं, शेत गांवीं आणि बिऱ्हाड शहरांत, अशी स्थिति आपल्यापैकीं किती तरी कुटुंबांची आहे. म्हणून या एका वनस्पतीविषयीं निरनिराळ्या देशांत काय काय कायदे आहेत आणि आपला कायदा काय सांगतो, हें वाचकांपुढें मांडावें असें आम्हांस वाटलें.

नांवांचा घोटाळा

प्रथम वनस्पतीची ओळख करून घेऊं. भांग, गांजा आणि चरस हीं तीन झाडें नव्हेत. एकाच झाडाचे हे तीन पदार्थ आहेत. झाडाचें शास्त्रीय नांव कॅनाबिस सटायव्हा. त्यांत नर व मादी झाडें निराळीं असतात. पानांपासून होते ती भांग. मादी झाडाच्या चिकट, फुलोऱ्यानें भरलेल्या शेंड्यांपासून होतो तो गांजा. आणि झाडाला सुटणारी राळ वेगळी काढली म्हणजे तो चरस. कैफ आणणारें मुख्य द्रव्य फुलोऱ्यांत व राळेंत अधिक आणि पानांत कमी असतें. भावप्रकाशासारख्या वैद्यकग्रंथांत हीच वनस्पति विजया या नांवानें येते. औषध म्हणून तिचे गुण सांगणाऱ्या आपल्या वैद्यांना तिचा मद गुण ठाऊक नव्हता असें मात्र नाहीं. तिच्या एका संस्कृत नांवाचा अर्थच माद आणणारी असा आहे.

इंग्रजी नांवांनीं येथें बराच घोटाळा केला आहे. आपल्याकडे ज्याला ताग म्हणतात त्यालाहि इंग्रजींत एक प्रकारचा 'हेम्प' म्हणतात, आणि आपल्या अंबाडीला 'डेक्कन हेम्प' म्हणतात. अंबाडीचें शास्त्रीय नांव तर हिबिस्कस कॅनाबिनस असें आहे. भांगेसारख्या दिसणाऱ्या पानांवरूनच तें तिला मिळालें. ज्वारीच्या भाकरीबरोबर अंबाडीची आंबट भाजी खाणाऱ्या मराठवाड्यांतील माणसाला हें ऐकून नवल वाटेल. ताग काय किंवा अंबाडी काय, दोहोंतहि कैफाचा अंश नाहीं आणि कायद्याचा त्यांच्याशीं कांहीं संबंध नाहीं. कायदा बोलतो तो केवळ त्या एका झाडाविषयीं, आणि त्यांतहि त्याच्या कोणत्या भागाविषयीं, हें नीट पाहावें लागतें.

परवान्यापासून बंदीपर्यंत

आपल्या देशांत ही वनस्पति प्रथमपासून निषिद्ध होती असा पुष्कळांचा समज आहे; तो चुकीचा आहे. ब्रिटिश अमदानींत गांजाची लागवड व विक्री परवान्यानें चाले आणि सरकारास त्यापासून महसूल मिळे. मुंबई इलाख्यांत नगर व सातारा या जिल्ह्यांत, मध्य प्रांतांत खांडव्याकडे आणि बंगाल्यांत राजशाहीजवळील नौगांवाकडे ही लागवड होत असे. ही वस्तु लोकांना वेडे करते असा आक्षेप विलायतेंत निघाल्यावरून १८९३ सालीं हिंदुस्थान सरकारनें एक कमिशन नेमलें. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते आणि सभासदांत तीन हिंदी गृहस्थ होते. कमिशननें ११९३ साक्षी घेतल्या. वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदी त्यानें बारकाईनें तपासल्या, तेव्हां गांजानें वेड लागलें अशा ज्या नोंदी होत्या त्यांपैकीं पुष्कळ कोणत्याहि चौकशीवांचून केलेल्या आढळल्या. १८९४ सालीं सादर झालेल्या अहवालाचा निष्कर्ष असा, कीं माफक सेवनानें सामान्यतः अपाय होत नाहीं, अतिसेवन घातक आहे, आणि सरसकट बंदी करण्यापेक्षां कर व परवाने यांनीं आळा घालणें इष्ट.

निलंगा त्या काळीं इंग्रजी मुलखांत नव्हतें. तें निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें. तेथें आबकारी खातें निराळें आणि कायदेहि निराळे. मादक पदार्थांचा स्वतंत्र कायदा संस्थानांत १३३३ फसली सालीं, म्हणजे सुमारें १९२३-२४ मध्यें झाला. संस्थान १९४८ च्या सप्टेंबरांत भारतांत विलीन झालें, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. एका माणसाच्या आयुष्यांत गांव न हलतां त्यावरचे कायदे किती वेळां बदलले, याचा हा आमच्या दारचाच दाखला आहे.

जगाच्या पातळीवर वारें फिरलें तें जिनीव्हास. तेथील अफूविषयक परिषदेंत ईजिप्तच्या प्रतिनिधीनें हशीश म्हणजे चरसावर कडक निर्बंध घालण्याचा आग्रह धरला आणि १९२५ च्या करारांत या वनस्पतीचा प्रथमच समावेश झाला. पुढें १९६१ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या विद्यमानें मादक द्रव्यांचा एकत्रित करार झाला. त्यांत गांजा व चरस यांना अत्यंत घातक द्रव्यांच्या पंक्तीस बसविण्यांत आलें. मात्र फुलोऱ्यावांचूनचीं पानें व बिया त्या व्याख्येंतून वगळण्यांत आल्या. भांगेस कायद्यांत जी वेगळी जागा मिळाली तिचें मूळ येथें आहे. ज्या देशांत या वस्तूचा वापर रूढ होता त्यांना तो बंद करण्यास पंचवीस वर्षांची मुदत देण्यांत आली. ती मुदत संपण्यापूर्वींच आपल्या संसदेनें १९८५ सालीं मादक औषधि द्रव्यें व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयींचा कायदा केला. लोक त्याला एन.डी.पी.एस. कायदा म्हणतात. १४ नोव्हेंबर १९८५ पासून तो अमलांत आला, आणि शतकानुशतकें परवान्यानें किंवा रूढीनें चाललेली गोष्ट देशभर गुन्हा झाली.

आज आपला कायदा काय म्हणतो

या कायद्याप्रमाणें गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारी शेंडे. शेंड्यांवांचूनचीं सुटीं पानें व बिया यांचा त्यांत समावेश नाहीं. म्हणूनच जैसलमेरांत सरकारी परवान्याचें भांगेचें दुकान उघडपणें चालतें, आणि उत्तर प्रदेशांतहि अशीं दुकानें आहेत. परंतु याचा अर्थ भांग सर्वत्र मोकळी आहे असा नव्हे. केंद्राच्या कायद्यानें जें वगळलें त्यावर निर्बंध घालण्याचा अधिकार राज्यांना आहे. आसामांत गांजा व भांग यांच्या बंदीचा कायदा १९५८ पासूनचा आहे. आपल्या महाराष्ट्रांत १९४९ चा दारूबंदीचा कायदा आहे, आणि त्यांतील मादक द्रव्याच्या व्याख्येंत भांगहि येते. तेव्हां काशीस प्रसाद म्हणून घेतलेली पुडी घेऊन लातुरास उतरणाऱ्या यात्रेकरूनें तिकडे चालतें तें इकडेहि चालेल असें गृहीत धरूं नये.

शिक्षेचें मान वजनावर ठरतें. गांजा एक किलोहून कमी असल्यास तें अल्प प्रमाण. त्यास एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड अथवा दोन्ही. वीस किलोहून अधिक असल्यास तें व्यापारी प्रमाण. त्यास कमींत कमी दहा व अधिकांत अधिक वीस वर्षें सक्तमजुरी आणि एक ते दोन लाख रुपये दंड. मधल्या प्रमाणास दहा वर्षांपर्यंत शिक्षा व एक लाखापर्यंत दंड. चरसासाठीं अल्प प्रमाणाची मर्यादा १०० ग्रॅम व व्यापारी प्रमाणाची एक किलो आहे. व्यापारी प्रमाणाच्या खटल्यांत जामीन मिळणें अतिशय कठीण. आरोपी दोषी नाहीं असें मानण्यास सबळ कारण आहे अशी न्यायाधीशाची खात्री झाल्यावांचून तो देतां येत नाहीं. शिवाय वस्तु ताब्यांत सांपडली, कीं ती जाणूनबुजून बाळगली असें कायदा गृहीत धरतो, आणि तसें नव्हतें हें सिद्ध करण्याचा भार आरोपीवर पडतो.

आतां बंधूंच्या प्रश्नाकडे येऊं. लागवडीच्या गुन्ह्यास वजनाच्या या पायऱ्या लागू नाहींत. झाडें चार असोत वा चारशें, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड ही कमाल शिक्षा दोहोंस एकच आहे. कमी किती द्यावयाची तें न्यायाधीशाच्या विवेकावर सोंपविलें आहे. जमिनीच्या मालकाविषयीं तर स्वतंत्र कलमें आहेत. २५ व्या कलमानें, आपल्या ताब्यांतील घराचा वा जागेचा उपयोग अशा गुन्ह्यासाठीं जाणूनबुजून होऊं देणारा मनुष्य गुन्हेगाराइतकाच शिक्षेस पात्र ठरतो. ४६ व्या कलमानें, आपल्या जमिनींत बेकायदा लागवड झाल्याचें ज्यास कळलें त्या जमीनधारकानें पोलिसांस अथवा संबंधित खात्याच्या अधिकाऱ्यास ताबडतोब खबर दिली पाहिजे; जाणूनबुजून ती टाळल्यास तोहि गुन्हा होतो. ४७ व्या कलमानें हेंच कर्तव्य सरपंच, पंच व गांवच्या इतर अधिकाऱ्यांवर टाकलें आहे.

ही कलमें शहरांत राहणाऱ्या जमीनमालकांस फारशीं माहीत नसतात. ठाऊक नव्हतें हा बचाव खरा असेल तेथें चालेल. परंतु कळल्यावर 'आपल्याला काय त्याचें' म्हणून गप्प बसणें चालणार नाहीं. गरीब कुळाला वा सालगड्याला आपणच पोलिसांच्या हातीं द्यावें, हा विचार मनाला बोंचतो हें आम्ही जाणतों. म्हणूनच वेळ येण्यापूर्वीं सांगून ठेवणें बरें. बटाई ठरवितांनाच ही गोष्ट स्पष्ट बोलावी, शक्य तर कागदावर घ्यावी, आणि पीक उभें असतां एकदोनदां स्वतः रान फिरून यावें. ज्याच्या हातून हें घडतें तो मनुष्य बहुधा कर्जाच्या किंवा पैशाच्या नडीनें मोहांत सांपडलेला असतो. झाडें त्याच्या बांधावर सांपडतात. माल विकत घेणारा व्यापारी मात्र तेथें कधीं दिसत नाहीं.

हा मोह कोठून येतो याचें एक बोलकें उदाहरण सोलापूर जिल्ह्यांतील आहे. २०२१ च्या ऑगस्टांत मोहोळ तालुक्यांतील एका शेतकऱ्यानें जिल्हाधिकाऱ्यांकडे रीतसर अर्ज करून दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी मागितली. कोणत्याहि पिकास खात्रीचा भाव मिळत नाहीं आणि शेती तोट्यांत जाते, हें त्यानें कारण दिलें. प्रसिद्धीसाठीं केलेला हा खटाटोप आहे असें पोलिसांनीं म्हटलें. असेलहि, पण अर्जांतील रडगाणें खोटें होतें असें मराठवाड्यांतील कोणता शेतकरी म्हणेल?

न्यायालयांतहि व्याख्येचा कीस पडतो. झाडें मुळासकट उपटून पानें, देठ, शेंडे यांसह एकत्र वजन केलें, तर गांजा किती धरावयाचा? मुंबई उच्च न्यायालयानें २०२२ सालीं एका जामिनाच्या अर्जावर निर्णय देतांना, फुलोऱ्याचे वा फळधारी शेंडे हेच गांजा या संज्ञेंत येतात, हें अधोरेखित केलें. वरवर हा शब्दच्छल वाटेल. पण एका शब्दाच्या अर्थावर कोणाचीं तरी दहा वर्षें अवलंबून असतात.

औद्योगिक उपयोगाचें दार कायद्यानें अजीबात बंद केलेलें नाहीं. धागा व बीं यांसाठीं लागवड करूं देण्याची तरतूद १९८५ च्या कायद्यांतच आहे. उत्तराखंडानें २०१८ सालीं, कैफाचें द्रव्य अगदीं अल्प असलेल्या जातींच्या लागवडीस देशांत प्रथम परवानगी दिली. २०२१ सालीं केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानें या झाडाचें बीं, त्याचें तेल व पीठ यांना खाद्य म्हणून मान्यता दिली. विजयायुक्त आयुर्वेदीय औषधेंहि नियमांच्या चौकटींत बनतात. मात्र तीं वैद्याच्या देखरेखीखालींच घ्यावयाचीं असतात.

जगाची तऱ्हा

आतां सीमेपलीकडे पाहूं. जगांतील देशांचे ढोबळ मानानें तीन गट पडतात.

पहिला गट कठोर शासनाचा. सिंगापुरांत ५०० ग्रॅमहून अधिक गांजाच्या व्यापारास फांशीची शिक्षा सांगितली आहे, आणि १५ ग्रॅमहून अधिक जवळ सांपडल्यास तो व्यापारासाठींच होता असें गृहीत धरतात. २०२३ च्या एप्रिलांत सुमारें एक किलो गांजाच्या प्रकरणांत तमिळ वंशाच्या एका गृहस्थास तेथें फांशी देण्यांत आली. जगभरांतून झालेल्या विनंत्यांचा उपयोग झाला नाहीं. मलेशियानें २०२३ सालीं फांशी अपरिहार्य ठेवणारा नियम काढून टाकला, पण गुन्ह्याचें गांभीर्य कमी केलें नाहीं. संयुक्त अरब अमीरातीनें २०२१ च्या नव्या कायद्यानें प्रथमच सांपडणारांच्या शिक्षा कांहींशा सौम्य केल्या, तरी बंदी कायम आहे. जपानांत १९४८ पासून बाळगण्यावर बंदी होती, पण प्रत्यक्ष सेवन हा गुन्हा नव्हता. २०२४ च्या डिसेंबरपासून तोहि गुन्हा झाला. जग सारें सैल होत चाललें आहे असें म्हणणारांनीं हें उदाहरण लक्षांत ठेवावें.

दुसरा गट डोळेझांक किंवा सौम्यपणा पत्करणारा. नेदरलंड्समध्यें कांहीं विशिष्ट उपाहारगृहांत गांजा विकतात, हें ऐकून तो तेथें कायदेशीर आहे असें पुष्कळ लोक समजतात. तसें नाहीं. १९७६ सालीं तेथें सौम्य व तीव्र द्रव्यें असा भेद करण्यांत आला, आणि ठरलेल्या अटी पाळून पांच ग्रॅमपर्यंत विक्री करणारावर खटला भरावयाचा नाहीं असें धोरण पडलें. गुन्हा कागदावर राहिलाच. त्यामुळें दुकानाच्या पुढल्या दारानें होणारी विक्री खपवून घेतली जाते आणि मागल्या दारानें येणारा माल बेकायदा राहतो, असा विचित्र प्रकार झाला. तो दूर करण्यासाठीं २०२३ च्या अखेरीस कांहीं गांवांत परवान्याच्या लागवडीचा प्रयोग सुरू झाला. पोर्तुगालनें निराळी वाट धरली. २००१ पासून तेथें स्वतःपुरतें अल्प द्रव्य बाळगणाऱ्यास फौजदारी न्यायालयाऐवजीं एका समितीपुढें नेतात. ती त्याची समजूत घालते, गरज असल्यास उपचारास पाठविते. विकणारा मात्र गुन्हेगारच ठरतो.

तिसरा गट परवान्यानें विकूं देणारा. या वाटेनें प्रथम गेला तो दक्षिण अमेरिकेंतील उरुग्वे हा लहानसा देश. २०१३ च्या डिसेंबरांत तेथें कायदा झाला आणि २०१७ पासून औषधांच्या दुकानांत विक्री सुरू झाली. नोंदणी केलेल्या तेथील रहिवाशासच आणि महिन्यास ४० ग्रॅमपर्यंतच माल मिळतो. प्रवाशास मिळत नाहीं. कॅनडानें १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांस ३० ग्रॅमपर्यंत बाळगण्यास मोकळीक दिली. माल्टानें २०२१ सालीं आणि जर्मनीनें १ एप्रिल २०२४ पासून मर्यादित मुभा दिली. जर्मनींत प्रौढास घरीं तीन झाडें लावतां येतात, परंतु दुकानांतून सरसकट विक्री नाहीं. दक्षिण आफ्रिकेंत ही सवलत संसदेनें नव्हे तर न्यायालयानें दिली: प्रौढ मनुष्य आपल्या खासगी जागेंत काय करतो यांत शासनानें ढवळाढवळ करूं नये, असा निर्णय तेथील घटना-न्यायालयानें २०१८ सालीं दिला.

अमेरिकेची स्थिति सर्वांत चमत्कारिक. कॅलिफोर्नियानें १९९६ सालीं औषधासाठीं मुभा दिली. कोलोरॅडो व वॉशिंग्टन या राज्यांतील मतदारांनीं २०१२ सालीं प्रौढांच्या वापरास मान्यता दिली. आणि आज निम्म्याच्या आसपास राज्यांत ती आहे. पण १९७० चा संघराज्याचा कायदा या मोकळीकीस मान्यता देत नाहीं. राज्याच्या दुकानांत राजरोस घेतलेली वस्तु संघराज्याच्या दृष्टीनें निषिद्धच राहते.

घेतलेला निर्णय फिरविणारा देशहि आहे. थायलंडनें २०२२ च्या जूनमध्यें ही वनस्पति निषिद्ध द्रव्यांच्या यादींतून काढली. गल्लोगल्लीं दुकानें निघालीं, मुलांच्या हातीं माल पडूं लागला अशी ओरड झाली, आणि २०२५ च्या जूनमध्यें वैद्यकीय चिठ्ठीवांचून फुलोरा विकण्यास मनाई झाली. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानेंहि २ डिसेंबर २०२० रोजीं २७ विरुद्ध २५ अशा निसटत्या मतानें या वनस्पतीस १९६१ च्या करारांतील सर्वांत कडक यादींतून वगळलें. त्या वेळीं भारतानें वगळण्याच्या बाजूनें मत दिलें, ही गोष्ट येथें फारशी कोणास ठाऊक नाहीं. मात्र करारांतील इतर निर्बंध कायम आहेत.

मुलें परदेशीं आहेत त्यांच्यासाठीं

ज्यांचीं मुलें-मुली बाहेर शिकतात त्यांनीं चार गोष्टी मनांत धराव्या आणि मुलांशीं मोकळेपणानें बोलाव्या.

परवाना म्हणजे मोकळें रान नव्हे. कॅनडांतील ऑन्टारिओ प्रांतांत वयाची मर्यादा १९ वर्षें आहे, क्वेबेकांत २१. अज्ञान मुलास विकणाऱ्यास तेथें चौदा वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. नशेंत मोटार चालविणें हा गुन्हा सर्वत्र आहेच.

अमेरिकेंत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याचा व्हिसा, कायम वास्तव्य आणि नागरिकत्व हे सर्व विषय संघराज्याच्या हातीं आहेत. शेजारच्या अमेरिकन मुलास जें केवळ हंसण्यावारीं नेतां येतें तें आपल्या मुलाचें भवितव्य बिघडवूं शकतें. सिंगापूरचा नागरिक किंवा कायम रहिवासी झालेल्या मनुष्यावर तर परदेशांत केलेल्या सेवनाबद्दलहि परत आल्यावर कारवाई होऊं शकते.

सीमा ओलांडतांना कोणताच परवाना बरोबर येत नाहीं. आमचा पुतण्या निघाला त्या वेळीं त्याच्या एका मित्रानें पुण्यांतील आपल्या भावासाठीं गोळ्यांचा एक डबा द्यावयास काढला. दिसावयास त्या लिमलेटच्या गोळ्याच. दुकानांतून रीतसर घेतलेल्या. पुतण्यानें डब्यावरील मजकूर वाचला आणि तो घेण्याचें नाकारलें. कॅनडांतून तो बाहेर नेणें हाहि गुन्हा आणि भारतांत आणणें हाहि गुन्हा. शिवाय मादक द्रव्य मिसळलेल्या पदार्थांत केवळ त्या द्रव्याचें नव्हे तर साऱ्या मिश्रणाचें वजन धरावयाचें, असा आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निर्णय आहे. मित्राचें मन थोडें दुखावलें असेल. पण नाहीं म्हणण्याचा हा क्षण साधला नसता तर काय झालें असतें, हा विचार आमच्या मनांतून अजून जात नाहीं.

आणि घरच्या बायकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी एक गोष्ट: हा जाच केवळ गांजापुरता नाहीं. संयुक्त अरब अमीरातींत खसखस नेण्यास बंदी आहे, कारण ती अफूच्या झाडाचें बीं आहे. दुबईस असलेल्या लेकीसाठीं दिवाळीचे अनारसे पाठवितांना एवढी काळजी अवश्य घ्यावी.

प्रकृतीविषयींहि दोन शब्द सांगितले पाहिजेत. आजचा दुकानी माल जुन्या काळच्या भांगेहून कितीतरी तीव्र असतो. खाण्याच्या रूपांत घेतल्यास परिणाम तास-दोन तासांनीं दिसूं लागतो, म्हणून अननुभवी मनुष्य कांहींच होत नाहीं असें समजून आणखी खातो आणि घाबरागुबरा होतो. कोवळ्या वयांत व रोज घेतल्यानें स्मरणावर व अभ्यासावर वाईट परिणाम होतो, आणि ज्यांच्या घराण्यांत मनोविकार आहेत त्यांस धोका अधिक. मुलगा यांत गुंतला असें कळल्यास लोकलज्जेस्तव दडवूं नये. आपण होऊन उपचार घेणाऱ्या व्यसनी मनुष्यास कांहीं अटींवर खटल्यांतून सूट देण्याची तरतूद आपल्या कायद्याच्या ६४-अ कलमांत आहे, आणि तिचा उपयोग वेळींच केला पाहिजे.

आजींच्या प्रश्नाचें उत्तर

तर मग ती वस्तु बरी कीं वाईट? आम्हांस वाटतें, कायदा याचें उत्तर देत नाहीं. बंदीमुळें एखादी वस्तु आपोआप विष होत नाहीं आणि परवान्यामुळें निरुपद्रवी होत नाहीं. प्रत्येक देश आपला इतिहास, आपलें भय, आपला महसूल आणि आपल्या तुरुंगांतील गर्दी यांचा हिशेब करून रेघ ओढतो, आणि अनुभव आल्यावर ती पुसून पुन्हां ओढतो. १८९४ च्या कमिशननें जो मध्यम मार्ग सांगितला होता त्याकडे कांहीं देश सव्वाशें वर्षांनीं वळले, आणि त्यांपैकीं एक देश घाईनें वळून पुन्हां थबकला.

आपल्या कायद्याविषयीं मात्र आमचें एक मत आहे तें सांगून टाकतों. बाळगण्याच्या गुन्ह्यांत त्यानें किलो व वीस किलो असा भेद केला, तो न्याय्य आहे. लागवडीच्या गुन्ह्यांतहि चार झाडें लावणारा नडलेला कुणबी आणि एकरभर पीक काढून घेणारा धनिक यांत असाच स्पष्ट भेद असावयास हवा. तो होईपर्यंत कायदा आहे तसा पाळलाच पाहिजे, आणि ज्याला तो ठाऊक नाहीं त्याला तो सांगणें हें ज्याला वाचतां येतें त्याचें काम आहे.

आमच्या ओसरीवरील बैठकीचा शेवट असा झाला. बंधूंनीं दुसऱ्याच दिवशीं रानांत जाऊन बटाईदाराशीं बोलावें असें ठरलें. तो गरीब माणूस सारें ऐकून घेऊन म्हणाला, "मालक, बांधावर झाड दिसलं तरी गुन्हा होतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं." मातोश्रींना हें कळलें तेव्हां त्या एवढेंच म्हणाल्या, "मग आधीं त्याला सांगायला हवं होतं. शिक्षा ठरविणारे फार, सांगणारे कमी." नीळकंठानें विष गिळलें नाहीं आणि थुंकलेंहि नाहीं, कंठांत धरून ठेवलें, अशी आपली कथा आहे. जगांतले सारे कायदे आज या एका झाडाबाबत तेंच करूं पाहत आहेत, आणि अजून कोणालाहि तें पुरतें साधलेलें नाहीं.